अनोळखी किल्ली

बाईंची गाडी सुरू होत नव्हती, आणि ती फक्त बाईंच्याच हातून सुरू होत नव्हती. अडचण नुसत्या गाडीची असती तर एवढं काही नव्हतं.

बाई गाडी चालवायला शिकवत. एकटीचा क्लास होता, एकच गाडी, टपावर पिवळा फलक. त्या भागातल्या निम्म्या माणसांना गाडी येत होती ती बाईंच्या शेजारी बसून. बाईंच्या पायाशी जादाचा क्लच आणि ब्रेक होता. शिकणारा घाबरून भलतंच काही दाबायला लागला की बाई पायाने गाडी थांबवत आणि शांतपणे म्हणत, "छान. आता रडायचं असेल तर रडून घ्या. मग पहिला गिअर." मोठमोठे पुरुष त्यांच्या गाडीतून घामाघूम होऊन उतरत आणि पुढे आयुष्यभर, वळण घेण्याआधी, मनातल्या मनात बाईंना विचारत.

अशा बाईंना सकाळी स्वतःच्याच दारात गाडी सुरू करता येईना. किल्ली फिरवली की इंजिन घरघरे, एकदा धरल्यासारखं करी आणि लगेच दम सोडी. समोर काट्यांच्या खाली कुलपाचं चित्र असलेला एक लाल दिवा लुकलुकायला लागे. बाई पुन्हा किल्ली फिरवत, पुन्हा तेच. कधी पाच-सहा वेळा करून सुरू होई, तर कधी होतच नसे. मग वरून मुलगी खाली येई, स्वतःकडची दुसरी किल्ली घाली आणि एका फटक्यात गाडी सुरू करून देई.

मुलगी बाईंबरोबरच राहत होती. चष्म्याच्या दुकानात लोकांचे डोळे तपासायचं काम करायची. दिवसभर भिंतीवरची अक्षरं वाचता न येणारी माणसं बघून तिचं एक मत बनलं होतं, की माणसाला आपलं वय झाल्याचं सगळ्यांत शेवटी कळतं.

"आई, किल्ली पूर्ण फिरवतेस का?"

"मी लोकांना किल्ली फिरवायला शिकवते."

"म्हणून तर विचारते. माझ्या हाताला कशी सुरू होते मग?"

मुलीने आधी त्यांना दुकानात नेऊन डोळे तपासले. नंबर वाढलेला नव्हता. मग तिने हात सरळ धरायला लावून बोटं थरथरतात का ते पाहिलं. थरथरत नव्हती. एकदा जेवताना तिने विषय काढला, की क्लास आता बंद केला तरी चालेल, घर काही त्यावर अडलेलं नाही. बाई म्हणाल्या, गाडीतच काहीतरी आहे. मुलगी हसून म्हणाली, "नाचता येईना, अंगण वाकडं." ती गमतीत म्हणाली होती, पण बाईंनी ताट उचललं आणि त्या उठल्या. दोन दिवस घरात कामापुरतं बोलणं झालं.

गाडी आधी कंपनीच्या वर्कशॉपमध्ये गेली. तिथे ती दिवसभर, ज्याने सुरू केली त्याच्या हातून सुरू झाली. त्यांनी समाधानासाठी बॅटरी बदलून दिली. परत आणल्यावर दुसऱ्याच सकाळी गाडीने मान टाकली. मग बाई टेस्टरकडे आल्या.

टेस्टर म्हणजे गाड्यांच्या वायरिंगचं काम करणारा माणूस. कानामागे कायम टेस्टिंगचा छोटा दिवा अडकवलेला असायचा, त्यावरून हे नाव पडलं. आईवडिलांनी ठेवलेलं नाव आता बहुतेक त्याच्या बायकोलाच आठवत असेल, आणि तीही रागावल्याशिवाय ते वापरत नसे. त्याच्या गाळ्यात दोन गाड्या जेमतेम मावत. आत जळक्या तारेचा आणि बॅटरीच्या पाण्याचा वास असे. भिंतीवर निरनिराळ्या लांबीच्या वायरी सुकत घातलेल्या कपड्यांसारख्या लोंबत. टेस्टर सावकाश काम करी. त्याचं म्हणणं असं, की वीज माणसापेक्षा सरळ असते, ती खोटं बोलत नाही, फक्त कधीकधी बोलतच नाही.

बाईंनी गाडी गाळ्यात घातली. मग खांद्यावरच्या पिशवीतून किल्ल्यांचा भलामोठा जुडगा काढला, नखाने कडी उघडली आणि गाडीची तेवढी किल्ली काढून टेस्टरच्या हातावर ठेवली.

"बाकीच्या घराच्या आहेत," त्या म्हणाल्या आणि जुडगा पिशवीत टाकला.

टेस्टरला त्यात काही वाटलं नाही. सगळीच गिऱ्हाइकं असं करतात. घराच्या किल्ल्या कोण कुणाकडे ठेवतो?

"चोरापासून वाचवायची जी सिस्टीम असते ना, ती अडवतेय तुमची गाडी," तो म्हणाला. "तो लाल दिवा तिचाच आहे."

"मी चोर वाटते तिला?"

"तसंच म्हणायचं." आणि त्याने समजावून सांगितलं. किल्लीच्या काळ्या डोक्यात तांदळाच्या दाण्याएवढी एक चिप असते. किल्ली घातली की कुलपाभोवतीचं तारेचं वेटोळं त्या चिपला जागं करतं आणि विचारतं, कोण? चिप आपला नंबर सांगते. नंबर ओळखीचा निघाला तर इंजिनला पेट्रोल मिळतं. नाही तर गाडी क्षणभर धरते आणि बंद पडते. "राखणदारच तो. मालकाला ओळखलं नाही तर मालकालाही आत सोडत नाही."

त्याने आधी नेहमीचं सगळं तपासलं. नवी बॅटरी चांगली होती. अर्थिंगची तार घट्ट होती. स्टिअरिंगखालचं आवरण काढून त्याने वेटोळं पाहिलं, जोडण्या साफ केल्या, प्रत्येक तार हाताने ओढून बघितली. मग मशीन जोडलं. गाडीच्या आठवणीत एकच तक्रार पुन्हा पुन्हा नोंदलेली होती. त्याने ती वाचली आणि डोकं खाजवलं.

चिप मेलेली असती तर मशीनने "किल्ली सापडली नाही" असं सांगितलं असतं. वेटोळं तुटलं असतं तरी तेच. इथे लिहिलं होतं, "अनोळखी किल्ली". म्हणजे गाडीला कुणीतरी उत्तर दिलं होतं, पण ते उत्तर भलत्याच कुणाचं होतं.

"या गाडीची तिसरी किल्ली बनवून घेतलीत का कधी?"

"नाही. एक माझ्याकडे, एक मुलीकडे."

त्याने किल्ली घातली. गाडी सुरू झाली. बंद केली, पुन्हा घातली, पुन्हा सुरू. बाईंनी स्वतः करून पाहिलं. सुरू. दुपारपर्यंत गाडी शहाण्या पोरासारखी वागत राहिली. शेवटी टेस्टरने हात टेकले, आठवण पुसून टाकली आणि बाईंना जायला सांगितलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी फोन आला. "तुमच्याकडे काय चहा पाजता हो तिला?" बाई म्हणाल्या. "इथे आल्यावर परत रुसली."

टेस्टर लगेच निघाला, पण तो पोचेपर्यंत मुलीने तिच्या किल्लीने गाडी सुरू करून ठेवली होती आणि ती कामावर निघून गेली होती. गाडी इमारतीखाली घुरघुरत उभी होती. बाई शेजारच्या खांबाला टेकून उभ्या होत्या. दुरून त्याला त्या प्रथमच म्हाताऱ्या दिसल्या.

"बाई, एक आठवून सांगा," तो म्हणाला. "हे सुरू झालं त्या सुमारास काय बदललं? पार्किंगची जागा? गाडीत काही नवीन बसवलं? सीटकव्हर, गाणी लावायचं काही, मोबाइल चार्ज करायचं काही?"

"काही नाही."

"नीट आठवा."

"सांगितलं ना, काहीच बदललं नाही." बाईंनी ते जरा जोरातच सांगितलं. टेस्टरने ते ऐकलं, पण त्याचं लक्ष गाडीकडे होतं.

त्या दिवशी दुपारी तो घरी जेवायला गेला तेव्हाही तेच डोक्यात घोळत होतं. त्याच्या बायकोला त्या दिवशी सुट्टी होती. ती एका मोठ्या ऑफिसात कामाला होती आणि तीही बाईंकडेच गाडी शिकली होती, त्यामुळे तिला या प्रकरणात रस होता.

"माझ्याकडून एकदा फाटकाला गाडी ठोकली होती तेव्हा त्या म्हणाल्या, फाटकाला आता तुम्ही ओळखता," ती म्हणाली. "त्या बाईला किल्ली फिरवता येत नाही? मी नाही मानत."

"मी पण नाही मानत. पण गाडी म्हणते, अनोळखी किल्ली. आणि किल्ली तर तीच."

बायकोने पाण्याचा तांब्या पुढे सरकवला. "आमच्या ऑफिसचं दार असंच करतं. कार्ड टेकवलं की लाल दिवा. कार्ड तेच, माणूस तोच. मग त्या दाराशी बसणारा म्हणाला, ताई, पर्समधून कार्ड बाहेर काढा. माझं बसचं कार्ड त्याच कप्प्यात होतं. दोन्ही कार्डं एकदम बोलतात म्हणे, दाराला एकाचंही कळत नाही."

टेस्टरचा घास हातातच राहिला.

"काय झालं?"

"जुडगा," तो म्हणाला.

मग सगळं जागच्या जागी बसलं. वर्कशॉपमध्ये गाडी चालली, कारण बाईंनी तिथे किल्ली जुडग्यातून काढून दिली होती. त्याच्याकडे चालली, कारण तेच. मुलीच्या हाताला चालली, कारण मुलीची किल्ली एकटी होती. बाईंच्या जुडग्यात दुसऱ्या कुठल्या तरी गाडीची किल्ली असणार. तिच्याही डोक्यात चिप असणार. दोन्ही किल्ल्या जवळ लोंबल्या की गाडीच्या कानात दोघी एकदम बोलत असणार, आणि दुसरी लांब लोंबली की गाडी सुरू होत असणार. टेस्टरला इतका आनंद झाला की भात वाढून घ्यायचं राहून गेलं. ती दुसरी किल्ली कुठल्या गाडीची, हा प्रश्न त्याच्या मनाला शिवलाच नाही. वायरिंगवाल्याला तार कुठून कुठे जाते एवढं कळलं की पुरे असतं.

त्याने बाईंना फोन केला. "उद्या सकाळी मी येईपर्यंत गाडीला हात लावू नका. आणि मुलीलाही थांबवून ठेवा. तिलाही बघू द्या." हे शेवटचं त्याने बाईंचा मान राखण्यासाठी सांगितलं. रोग बाईंचा नाही, हे मुलीच्या डोळ्यांसमोर सिद्ध व्हायला हवं, असं त्याला मनापासून वाटत होतं.

सकाळी दोघी खाली उभ्या होत्या. मुलगी कामाचे कपडे घालून, घड्याळाकडे बघत. बाई जुडगा मुठीत धरून.

"रोजच्यासारखी सुरू करा," टेस्टर म्हणाला.

बाईंनी जुडग्यासकट किल्ली घातली आणि फिरवली. घरघर, एक झटका, बंद. लाल दिवा लुकलुकायला लागला. मुलीने टेस्टरकडे पाहिलं, म्हणजे बघा, अशा अर्थाने.

"आता तुम्ही करा. याच किल्लीने. जुडगा तसाच राहू द्या."

मुलगी आत बसली, किल्ली फिरवली. घरघर, झटका, बंद. तिने पुन्हा फिरवली. पुन्हा बंद. तिच्या कपाळाला आठी पडली.

"आता ही बघा." टेस्टरने वाकून जुडगा हातात घेतला. घराची, कपाटाची, मीटरच्या पेटीची अशा किल्ल्या बाजूला केल्या आणि काळ्या डोक्याची आणखी एक किल्ली वर धरली. तिला कडीतून सोडवून तो दहा पावलं लांब खांबापाशी जाऊन उभा राहिला. "फिरवा."

गाडी सुरू झाली.

तो जवळ आला, किल्ली कुलपाशी धरली. "बंद करून परत फिरवा." बंद पडली. लांब गेला, सुरू झाली. दोनदा तीनदा त्याने असा खेळ केला. जादूगाराची कला त्याच्यात नव्हती, पण त्या वेळी तो पुष्कळ खूश दिसत होता.

"एका म्यानात दोन तलवारी," तो म्हणाला. "गाडी विचारते कोण, आणि या दोघी एकदम उत्तर देतात. तुमच्या आईच्या हातात काही दोष नाही. शपथेवर सांगतो. ही दुसरी किल्ली वेगळी ठेवली की विषय संपला."

मुलगी गाडीतून उतरली. ती आईकडे वळली आणि क्षणभर तिचा चेहरा अगदी मोकळा झाला. काहीतरी चांगलं म्हणायला तिने तोंड उघडलं होतं. मग तिची नजर टेस्टरच्या हाताकडे गेली.

"ही कुठली किल्ली आहे?"

"क्लासच्या जुन्या गाडीची," बाई म्हणाल्या.

क्लासच्या जुन्या गाडीचं वायरिंग टेस्टरने स्वतःच्या हाताने केलेलं होतं. तिला चिप नव्हती, तिची किल्ली साध्या पत्र्याची होती आणि कुठल्याही पत्र्याच्या किल्लीने ती सुरू व्हायची. त्याने बाईंकडे पाहिलं, आणि तेव्हा कुठे त्याला कळलं की आपण भलत्याच तारेला हात घातला आहे.

"ती तर कधीच भंगारात गेली," मुलगी म्हणाली. "तिची किल्ली घेऊन काय करायचंय? एवढा त्रास त्या किल्लीने, आणा इकडे." तिने टेस्टरच्या हातातून किल्ली घेतली आणि जिन्याखालच्या कचऱ्याच्या डब्याकडे निघाली.

बाईंनी तिचं मनगट धरलं.

"टाकू नकोस. उद्या लागणार आहे."

मुलगी थांबली. "भंगारातल्या गाडीची किल्ली उद्या लागणार आहे?"

बाईंनी तिचं मनगट सोडलं. मग म्हणाल्या, "तुझ्या बाबांच्या गाडीची आहे."

टेस्टरने बॉनेट उघडलं आणि आत डोकं घातलं. तिथे बघण्यासारखं काही नव्हतं, पण दुसरीकडे कुठे बघावं हे त्याला सुचेना.

"तू त्यांच्याकडे जातेस?"

"आठवड्यातून तीनदा. किडन्या गेल्यात त्यांच्या. डायलिसिसला न्यावं लागतं."

"का? जिच्यासाठी गेले ती कुठे गेली?"

"वारली. झाली दोन वर्षं. मागे दुसरं कोणी नाही."

"मला नाही सांगितलंस."

"काय सांगणार? या घरात त्या माणसाचं नाव निघणार नाही, असं मीच म्हणाले होते. तू दहावीत होतीस."

"नववीत."

"नववीत," बाई म्हणाल्या.

मुलीने किल्ली उलटीसुलटी करून पाहिली. "आणि क्लास? त्या वेळी शिकणारे असतात ना?"

"त्यांना सांगते, दातांच्या डॉक्टरकडे जायचंय."

"आठवड्यातून तीनदा? इतके दात आहेत तुला?"

हे बोलताना तिला हसू आलं असावं, आणि हसू आल्याचा राग आला असावा, कारण पुढचं ती मोठ्याने बोलली. "त्यांच्या गाडीतून कशाला? आपली गाडी नव्हती का?"

"आपल्या गाडीच्या टपावर फलक आहे. सगळा भाग ती गाडी ओळखतो. संध्याकाळपर्यंत तुझ्या दुकानात बातमी पोचली असती."

"मग किल्ली त्यांच्याकडे ठेवायची!"

"होती त्यांच्याकडेच. एक दिवस मी पोचायच्या आत स्वतःच गेले. येताना डोळ्यांपुढे अंधारी आली आणि गाडी दुभाजकावर चढवली. कुणाला लागलं नाही एवढं नशीब. त्या दिवशी मी किल्ली काढून घेतली. घरात कुठे ठेवली असती तर तुला दिसली असती. जुडग्यात कोण बघतं?"

बॉनेटखाली टेस्टरने मनातल्या मनात हिशोब लावला. गाडीने रुसायला सुरुवात केली ती याच सुमारास असणार.

"मी तुला म्हातारी म्हणत होते," मुलगी म्हणाली. आता तिचा आवाज खाली आला होता. "डोळे तपासले. बोटं बघितली. क्लास बंद कर म्हटलं. आणि तू ऐकून घेत होतीस."

"मला काय ठाऊक, किल्ल्या भांडतात म्हणून! मलाही वाटायला लागलं होतं, की जातंय काहीतरी हातातून."

मुलीने किल्ली बाईंच्या हातात ठेवली. डब्यात टाकली नाही. पर्स खांद्याला लावली, टेस्टरला म्हणाली, "बॉनेट लावलंत तरी चालेल, आत काही नाही," आणि फाटकातून चालत बाहेर पडली. एरवी बाई तिला चौकापर्यंत सोडत. त्या दिवशी ती पायी गेली.

टेस्टरने बॉनेट लावलं. मशीनची वायर गुंडाळायला त्याने गरजेपेक्षा जास्त वेळ घेतला.

"तुम्हाला आधी कळलं होतं?" बाईंनी विचारलं.

"किल्लीचं कळलं होतं. बाकीचं नाही. कळलं असतं तर तुम्हाला एकटीला गाठून सांगितलं असतं."

बाईंनी त्यावर विचार केला. "मग मी ती किल्ली मुकाट्याने दुसऱ्या पिशवीत ठेवली असती," त्या म्हणाल्या. "आणि दातांच्या डॉक्टरकडे जात राहिले असते." बरं झालं की वाईट, हे त्यांनी सांगितलं नाही. पहिला शिकणारा येऊन उभा होता. बाई डावीकडच्या सीटवर बसल्या, पट्टा लावला आणि म्हणाल्या, "आरसा." गाडी निघून गेली.

पुढचं टेस्टरला बायकोकडून कळलं, आणि तिला बाईंकडून.

बरेच दिवस घरात अबोला होता. अगदी अबोला नाही, म्हणजे दूध संपलंय, गॅसवाला येऊन गेला, एवढं होत होतं. बाई ठरलेल्या दिवशी उघडपणे सांगून जायच्या, "मी तिकडे जातेय," आणि मुलगी "बरं" म्हणायची नाही. एकदा तिने विचारलं, "पुष्कळ वेळ लागतो का त्याला?" बाईंनी सांगितलं, अर्धा दिवस जातो, आणि परत येताना माणूस पिळून काढल्यासारखा होतो.

मग असं झालं, की शिकणाऱ्यांच्या लायसन्सच्या परीक्षेचा दिवस आणि डायलिसिसचा दिवस एकच आला. परीक्षेला क्लासची गाडी आणि बाई, दोन्ही लागत. बाई फोन घेऊन टॅक्सी शोधत होत्या. एक टॅक्सीवाला थांबायला तयार नव्हता, दुसरा आजारी माणूस म्हटल्यावर नको म्हणाला. मुलगी कपड्यांना इस्त्री करत होती. इस्त्री उभी करून ती म्हणाली, "किल्ली दे."

"तुझं काम?"

"दुपारून जाईन म्हणते. दे."

बाईंनी पत्ता सांगायला सुरुवात केली. मुलगी म्हणाली, तो मला माहीत आहे. तो तिला कसा माहीत होता, हे बाईंनी त्या वेळी विचारलं नाही आणि नंतरही विचारलं नाही.

ती पोचली तेव्हा ते फाटकापाशी खुर्ची टाकून बसले होते, मांडीवर पिशवी घेऊन. शाळेतल्या मुलीला सोडून गेलेला तो उंच माणूस आता खुर्चीत अर्धाच उरला होता. ते बाईंची वाट बघत होते. समोर कोण उभं आहे हे त्यांना एकदम कळलं नाही. कळल्यावर ते उठले, पिशवी छातीशी धरली आणि शेजारीच उभ्या असलेल्या आपल्या गाडीचं मागचं दार उघडायला लागले.

"पुढे बसा," मुलगी म्हणाली. "मी टॅक्सी चालवत नाही."

ते पुढे बसले. वाटेत ते एकच वाक्य बोलले, "इथून डावीकडे घे, पुढे खोदून ठेवलंय." तिने डावीकडे घेतलं. दवाखान्यात त्यांना यंत्राशी सोडून ती दुकानात गेली, दोन माणसांचे डोळे तपासले, परत आली, त्यांना घरी सोडलं. फाटकापाशी ते उतरले तेव्हा म्हणाले, "चांगली चालवतेस."

"आईने शिकवलंय."

"हो," ते म्हणाले. "मलाही तिनेच शिकवली होती."

हे तिला ठाऊक नव्हतं. घरी आल्यावर तिने आईला विचारलं, खरं का? बाई म्हणाल्या, खरं आहे, आणि त्यांच्याइतका ठोंब्या शिकाऊ पुन्हा मिळाला नाही. उलटी गाडी घ्यायला जमायला त्यांना सगळा उन्हाळा लागला होता. मुलगी हसली. मग हसता हसता ती रडायला लागली, आणि बाई स्वयंपाकघरात उभ्या राहून तिचं रडणं संपायची वाट बघत राहिल्या. त्यांना ते काम सवयीचं होतं.

माफ केलं वगैरे कुणी कुणाला म्हटलं नाही. आठवड्यातले दोन दिवस बाई जायच्या, एक दिवस मुलगी जायला लागली. बाईंनी दातांच्या डॉक्टरला रजा दिली आणि शिकणाऱ्यांना खरं ते सांगून टाकलं. चार दिवस भागात कुजबूज झाली. मग कुणाच्या तरी घराचं छप्पर गळण्यावरून मोठं भांडण झालं आणि लोकांना दुसरा विषय मिळाला.

थंडीच्या दिवसांत एका दुपारी टेस्टरच्या गाळ्यात एक जुनी करडी गाडी येऊन उभी राहिली. मुलगी चालवत होती. शेजारच्या सीटवर स्वेटर, मफलर आणि वर शाल घेतलेला एक वाळलेला माणूस बसला होता. दंडाला पांढरी पट्टी होती.

"हीटरचा पंखा फिरत नाही," ती म्हणाली. "परत येताना यांना थंडी वाजते."

टेस्टरने पायापाशी वाकून पंखा काढला. आत सुकलेली पानं अडकली होती आणि एक तार गंजून तुटली होती. तो काम करत होता तेवढा वेळ त्या माणसाने खाली उतरायला नकार दिला, कारण उतरलं की परत चढावं लागतं. मुलगी बाहेर उभी राहून दुकानात फोन करत होती, की यायला उशीर होईल.

"किती वर्षं झाली हा पंखा बंद होऊन?" टेस्टरने विचारलं.

"मला कधी लागलाच नव्हता," तो माणूस म्हणाला.

तार जोडली, पंखा बसवला. टेस्टरने बटण फिरवलं तसा गरम हवेचा झोत आला, जुन्या धुळीचा वास घेऊन. मुलगी आत बसली, हात पुढे करून हवा लागते का ते पाहिलं आणि दार लावलं. गाडी मागे घेताना ती दोन्ही आरसे बघत होती. गाळ्याच्या दारातून गाडी रस्त्यावर येईपर्यंत त्या माणसाने मफलर सोडला होता.

"आता उकडतंय," तो म्हणाला.

"मग शाल काढा. हीटर मी बंद करणार नाही."

तो शाल काढू लागला. बस जाईपर्यंत तिने गाडी थांबवून धरली, मग डावीकडे वळवली.